वाचकांचे प्रश्न : शाखा गप्प झाली की फलकाने काय दाखवायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी उदगीरचा. एका पतसंस्थेच्या ३८ शाखांचं नेटवर्क आम्ही तिघं सांभाळतो. लातूर, नांदेड आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून या शाखा आहेत. प्रत्येक ठिकाणी राउटर, स्विच, यूपीएस आणि एक पीसी. सगळं झॅबिक्सवर, म्हणजे यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घेतलंय. आता मुख्य कार्यालयाला भिंतीवर फलक हवाय, शाखाधिकाऱ्यांना मोबाईलवर स्थिती हवीय, आणि ही दोन कामं करणारी पोरं वेगवेगळी आहेत. प्रत्येकाला झॅबिक्सचा एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने त्याच्याकडे माहिती मागायची सोय) शिकवत बसण्यापेक्षा मी मधे ग्राफक्यूएलचा (हवी तेवढीच माहिती मागायच्या भाषेचा) रॅपर, म्हणजे वरचं आवरण, लिहिला. चालतो, पण सगळ्या शाखांची यादी मागितली की पान उघडता उघडत नाही. आणि मे महिन्यात काही शाखांच्या रॅकचं तापमान फलकावर शून्य अंश दिसत होतं. दोन्हीचं कारण कळेना. ऑफिसातले तर विचारतात, झॅबिक्सला स्वतःचा एपीआय असताना दुसरा कशाला?

उत्तर : तापमान आधी घेते. पान हळू उघडलं तर माणूस थांबतो. फलक चुकीचं सांगू लागला तर माणूस चुकीच्या गावाला गाडी काढतो.

झॅबिक्सला आयटम.गेट (मोजमापं देणारी एपीआयची हाक) विचारलं की प्रत्येक मोजमापाबरोबर लास्टव्हॅल्यू आणि लास्टक्लॉक मिळतात, म्हणजे शेवटची नोंद आणि ती केव्हाची. मूळ सेटिंगमध्ये ही नोंद फक्त मागच्या २४ तासांत शोधली जाते. तेवढ्यात काही सापडलं नाही तर जागा रिकामी येत नाही, दोन्हीकडे '०' येतो. तुमच्या त्या शाखांचे सेन्सर दिवसभर बोललेच नव्हते, आणि रॅपरने तो शून्य तापमान म्हणून पुढे दिला. मे महिन्यात निलंग्याला शून्य अंश असणं शक्य नाही, म्हणून निदान तुमच्या लक्षात आलं. हाच शून्य यूपीएसच्या बॅटरीच्या टक्क्यांत आला असता तर कुणीतरी घाईने धावलं असतं. आणि लाइनवरच्या एररच्या संख्येत आला असता तर 'काही अडचण नाही' म्हणून सगळे निवांत राहिले असते. मला भीती या दुसऱ्या प्रकाराची वाटते.

तेव्हा रॅपरचा पहिला नियम हा करा : लास्टक्लॉक शून्य असेल तर मूल्य नल, म्हणजे रिकामं. स्कीमात (ग्राफक्यूएलच्या आराखड्यात) मोजमापाच्या फील्डला उद्गारचिन्ह लावू नका. उद्गारचिन्ह म्हणजे हे कधीच रिकामं येणार नाही अशी हमी. हमी दिली आणि नल आला, तर ग्राफक्यूएल वरची आख्खी वस्तूच नल करतो. तीही हमीची असेल तर तिच्या वरची. एका सेन्सरपायी ३८ शाखांची यादी फलकावरून जाते ती अशी. शाखेचं नाव, तालुका यांना खुशाल उद्गारचिन्ह द्या.

नुसता आकडाही पाठवू नका. मूल्य, एकक आणि नोंदीची वेळ हे तिन्ही एकाच टाइपमध्ये ठेवा, म्हणजे फलक करणाऱ्या पोराला वेळ विसरता येणार नाही. शाखेत झॅबिक्सचा प्रॉक्सी (तिथल्या नोंदी गोळा करणारा मधला सर्व्हर) बसवला असेल तर याची गरज आणखी वाढते. लाइन तुटलेली असताना प्रॉक्सी नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि जोडणी आली की पाठवतो. त्याची मूळ मर्यादा फक्त १ तासाची आहे. प्रॉक्सीऑफलाइनबफर हे सेटिंग ७२० तासांपर्यंत वाढवता येतं. आपल्याकडे वळवाच्या पावसात तारा तुटल्या की एका तासात कुठली लाइन येते? ते आजच वाढवून घ्या.

आता वेग. तुमची क्वेरी बहुधा अशी चालते : शाखांच्या यादीसाठी एक हाक, मग प्रत्येक शाखेची यंत्रं विचारायला ३८ हाका, मग प्रत्येक यंत्राची मोजमापं विचारायला १५२. एकूण १९१, तेही एक पान उघडायला. ग्राफक्यूएलमध्ये प्रत्येक फील्डचा रिझॉल्व्हर (त्याचं मूल्य आणणारं फंक्शन) आपापल्यापुरतं बघतो, शेजारी कोण काय मागतंय ते त्याला दिसत नाही, म्हणून हे होतं. उपाय डेटालोडरचा. तो एका क्षणात आलेल्या सगळ्या मागण्या गोळा करून एकदाच विचारतो, आणि आयटम.गेटला होस्टआयडींची (यंत्रांच्या क्रमांकांची) पूर्ण यादी एका हाकेत देता येते. १९१ च्या जागी ३ हाका. आउटपुटमध्ये हवी तेवढीच फील्डं मागा, सगळी मागितली तर एकेका आयटमबरोबर डझनावारी रकाने येतात.

डेटालोडर लावताना दोन जागी जपून. तो ज्या क्रमाने आयडी देतो त्याच क्रमाने, तेवढ्याच लांबीची उत्तरं त्याला परत हवी असतात. झॅबिक्स तुमचा क्रम पाळत नाही, आणि ज्या यंत्राचं काहीच नाही त्याची ओळही देत नाही. होस्टआयडीप्रमाणे स्वतः वाटून द्या आणि रिकाम्या यंत्राच्या जागी रिकामी यादी ठेवा. नाहीतर औशाची बॅटरी अहमदपूरच्या नावावर दिसेल, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. दुसरं, लोडर प्रत्येक विनंतीला नवीन बनवा. एकच लोडर कायम ठेवला तर त्याच्या आठवणीतले जुने आकडे फिरत राहतात, शिवाय एका शाखाधिकाऱ्यासाठी आणलेलं दुसऱ्याला दिसू शकतं.

इतिहासाचे आलेख मात्र या पद्धतीने एकत्र मागू नका. हिस्टरी.गेटची लिमिट सगळ्या आयटमना मिळून असते. पाच आयटम देऊन १० ची मर्यादा घातली तर एकूण १० ओळी येतात, त्या सगळ्या एकाच आयटमच्याही असू शकतात. आणि त्याला मूल्याचा प्रकार सांगावा लागतो : दशांशाला ०, पूर्णांकाला ३. काही सांगितलं नाही तर तो ३ धरतो. तापमान दशांशात असतं, मग उत्तर रिकामं येतं आणि आपल्याला वाटतं नोंदीच नाहीत. महिन्याभराचा आलेख हवा असेल तर ट्रेंड.गेट वापरा, त्यात तासागणिक किमान, कमाल आणि सरासरी तयार असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती लवकरच समोर येईल. ग्राफक्यूएलचा इंट ३२ बिटांचा आहे, २१४७४८३६४७ च्या पुढे जात नाही. झॅबिक्स डिस्कची जागा बाइटमध्ये देतो, म्हणजे साधी ५०० जीबीची डिस्कसुद्धा त्यात मावत नाही. त्यातून झॅबिक्सची सगळी मूल्यं स्ट्रिंग म्हणून येतात, त्यामुळे चाचणीच्या वेळी हे जाणवतही नाही. अशा आकड्यांसाठी वेगळा स्केलर, म्हणजे मूल्याचा स्वतःचा प्रकार, लिहा.

ऑफिसातल्यांचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. होस्ट.गेटचं नाव होस्ट आणि आयटम.गेटचं नाव आयटम ठेवून तेच ग्राफक्यूएलमध्ये पुन्हा लिहिलं असेल, तर ते बरोबर बोलतायत. रॅपरची गरज कुठे आहे ते सांगते. प्रॉब्लेम.गेट चालू अडचणी देतो, पण ती अडचण कुठल्या होस्टची हे सांगत नाही. ट्रिगरचा (अडचण ठरवणाऱ्या अटीचा) आयडी घेऊन ट्रिगर.गेटला सिलेक्टहोस्ट्ससह विचारावं लागतं, मग होस्टवरून गट, गटावरून शाखा. मोबाईलचं ॲप करणाऱ्या पोराने हे का शिकावं? त्याला 'शाखा' हवी आणि शाखेच्या 'अडचणी' हव्यात. तुमच्या स्कीमात हेच दोन शब्द असू द्या. होस्ट, ट्रिगर, आयटम ही झॅबिक्सच्या घरातली मांडणी, ती बाहेर आणू नका.

वळवाच्या संध्याकाळी दहा शाखा एकदम गप्प झाल्या की मुख्य कार्यालयातून पहिला प्रश्न कोणता येतो, आठवा. लाइट गेली की लाइन गेली? लाइट गेली असेल तर डीपी दुरुस्त होईपर्यंत थांबायचं, लाइन गेली असेल तर जोडणीवाल्याला फोन लावायचा. काम पूर्ण वेगळं. मग शाखेच्या टाइपमध्ये 'गप्प होण्याचं कारण' असं फील्डच ठेवा, त्याची उत्तरं चार : लाइट, लाइन, यंत्र, माहीत नाही. यूपीएसला नेटवर्कचं कार्ड असेल तर आरएफसी १६२८ ची प्रमाण एमआयबी (यूपीएसकडून काय काय विचारता येतं याची यादी) बघा. त्यात आउटपुट सोर्स ५ म्हणजे बॅटरीवर. शाखा गप्प होण्याआधीची शेवटची नोंद ५ असेल तर बहुधा लाइट. ३, म्हणजे नेहमीचा पुरवठा असेल आणि राउटरपलीकडचं काहीच बोलत नसेल तर बहुधा लाइन. लहान शाखांत कार्डवाला यूपीएस नसतो, घरगुती इन्व्हर्टर असतो. तिथे राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि एखादं जुनं, कायम चालू राहणारं यंत्र थेट बोर्डावर. राउटर बोलतोय आणि ते यंत्र गप्प, म्हणजे लाइट गेली. यासाठी शाखेचा पीसी धरू नका, संध्याकाळी शटर ओढताना तो बंद होतोच.

चौथं उत्तर 'माहीत नाही' हे ठेवाच. कारण ठरत नसताना फलकाने अंदाज छापला आणि तो दोनदा चुकला, की मुख्य कार्यालयातले फलकाकडे बघणं सोडतील आणि पुन्हा शिपायाला फोन लावू लागतील. मग तुमची सगळी मेहनत भिंतीवर नुसती टांगलेली राहील.

सुरक्षिततेचं थोडक्यात : रॅपरला ॲडमिनचा टोकन (प्रवेशाची किल्ली) देऊ नका. झॅबिक्स ५.२ पासून भूमिकेगणिक कोणत्या एपीआय पद्धती चालतील हे ठरवता येतं, तेव्हा वाचण्यापुरती भूमिका करा. टोकन हेडरमध्ये पाठवा. विनंतीच्या आत ऑथ लिहिण्याची जुनी रीत ७.२ मध्ये काढून टाकलीय. आणि शाखा–यंत्र–शाखा अशी गोल फिरणारी क्वेरी कुणी लिहू नये म्हणून क्वेरी किती थर खोल जाईल याला मर्यादा घाला.

प्रश्न : ताई, मी परभणीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबसाठी असाच रॅपर प्रकल्प म्हणून करतेय. सर म्हणतात सबस्क्रिप्शन (बदल झाला की सर्व्हरने स्वतःहून कळवणं) असल्याशिवाय प्रकल्पात दम नाही. आणि अडचणीपुढे 'मी बघतेय' असं बटण ठेवायचंय, ते कसं करू?

उत्तर : मोजमापांना सबस्क्रिप्शन लावू नकोस. एजंट (यंत्रावरचा झॅबिक्सचा छोटा प्रोग्रॅम) मिनिटाला एकदा आकडा घेत असेल तर तुझं सबस्क्रिप्शन आतून झॅबिक्सला पुन्हा पुन्हा विचारण्यापलीकडे काय करणार? तेवढं पान स्वतःच विचारू शकतं. अडचणींना मात्र लाव. झॅबिक्समध्ये वेबहुक आहे. अडचण उघडली किंवा मिटली की तो तुझ्या रॅपरला कळवेल आणि रॅपर ते जोडलेल्या सगळ्यांना देईल. सरांना हा फरक नीट मांडून दाखव, त्यातच प्रकल्पाचं वजन आहे.

बटणासाठी इव्हेंट.ॲकनॉलेज आहे. त्याला ॲक्शनचा आकडा लागतो आणि तो बेरजेने बनतो : दखल घेतली २, संदेश जोडला ४, दोन्ही मिळून ६. अडचण बंद करणं १. हा आकडा म्युटेशनमध्ये (ग्राफक्यूएलच्या बदल करणाऱ्या हाकेत) बाहेर मागू नकोस, नाहीतर कुणीतरी ७ पाठवून अडचणच बंद करेल. 'दखल घे' आणि 'बंद कर' अशी दोन वेगळी म्युटेशनं लिही. सगळ्यांसाठी एकच टोकन असेल तर झॅबिक्समध्ये प्रत्येक दखल एकाच नावावर पडते, म्हणून बटण दाबणाऱ्याचं नाव रॅपरने संदेशात घालावं. ते लॉगिनवरून घे, टाइप करायला लावू नकोस.

प्रश्न : जालन्याच्या स्टील कारखान्यात आहे. आम्हाला फक्त भट्टीजवळच्या नेटवर्कचे आलेख बघायचेत. रॅपर करू का?

उत्तर : नको. ग्राफानाला (आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) झॅबिक्सचा प्लगइन आहे, तो जोडला की आलेख मिळतील. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरला ही माहिती हवी झाली, तेव्हा मला परत लिहा.