लसीका वर कशी चढते, आणि 'गाळली जाते' म्हणजे नक्की काय होते

लसीका (लिम्फ) म्हणजे पेशींभोवती झिरपलेला, वेगळ्या वाहिन्यांतून रक्ताकडे परत जाणारा द्रव. तिच्याबद्दल दोन प्रश्न पडतात. रक्तासाठी हृदय आहे, तसा पंप नसताना लसीका पायापासून मानेपर्यंत चढते कशी? आणि 'लिम्फ डिटॉक्स'ची पेये किंवा मसाज यांनी शरीरातली विषारी द्रव्ये या वाटेने बाहेर पडतात का? दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे, पण ते का, हे कळण्यासाठी आधी पहिले समजून घ्यावे लागते.

सुरुवात केशवाहिन्यांपासून, म्हणजे रक्ताच्या सर्वांत बारीक नळ्यांपासून होते. रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने पेशींभोवतीच्या जागेत सतत झिरपत असतात. यातले बहुतेक पाणी केशवाहिनीच्या शिरेकडच्या टोकाला पुन्हा रक्तात ओढले जाते, असे शाळेत शिकवतात. बहुतेक ऊतींमध्ये तसे होत नाही, हे आता स्पष्ट झाले आहे. तिथले जास्तीचे पाणी परत नेण्याचे काम मुख्यतः लसीकाच करते. प्रथिनांना तर दुसरी वाटच नाही. रक्तद्रवात फिरणाऱ्या एकूण प्रथिनांपैकी चौथा हिस्सा ते निम्मी, एवढी प्रथिने रोज लसीकेतून परत येतात. ही वाट बंद पडली तर सूज का येते, ते या आकड्यावरून कळते.

लसीकेच्या सर्वांत बारीक नळ्यांचे टोक बंद असते. भिंत पेशींच्या एकाच थराची, आणि त्या पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या. बाहेरून बारीक तंतू या कडांना आजूबाजूच्या ऊतीशी बांधून ठेवतात. ऊतीत पाणी वाढले की तंतू ताणले जातात, कडा उघडतात आणि द्रव आत शिरतो. आतला दाब वाढला की त्याच कडा मिटतात. म्हणजे जिथे सूज येऊ लागते, तिथेच दार उघडते.

पुढच्या मोठ्या वाहिन्यांत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात आणि भिंतीत स्नायू असतो. दोन झडपांमधल्या तुकड्याला लिम्फँजिऑन म्हणतात. तो भरून ताणला गेला की आपोआप आकुंचन पावतो, मिनिटाला काही वेळा. तेव्हा 'पंपच नाही' हे खरे नाही. एक मोठा पंप नाही, पण लहान असंख्य आहेत. पोटरीचे स्नायू, शेजारच्या धमनीचे ठोके आणि श्वास यांची भर त्यात पडते. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो, आणि लसीका वर खेचली जाते. दाब कुठूनही आला तरी झडपांमुळे द्रव एकाच दिशेने सरकतो. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यावर घोटे सुजतात, कारण पोटरीचा हातभार थांबलेला असतो. घोटा वर-खाली हलवत राहिले तरी फरक पडतो.

मुख्य वाहिनी, म्हणजे थोरॅसिक डक्ट, 38 ते 45 सेंटीमीटर लांबीची असते. ती डाव्या बाजूला, मानेच्या तळाशी शिरेत रिकामी होते. डोके, मान आणि छाती यांची उजवी बाजू आणि उजवा हात यांची लसीका उजवीकडून वेगळी जाते. बाकी सगळी, पोटातलीही, डावीकडे येते. म्हणूनच डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला कडक, न दुखणारी गाठ लागली तर ती लगेच डॉक्टरांना दाखवावी. पोटातल्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

आता गाळण्याबद्दल. लसीकाग्रंथीत, म्हणजे या वाहिन्यांच्या वाटेवरच्या लहान गाठींत, प्रवाह मंदावतो आणि भक्षकपेशी जंतू, मृत पेशींचे तुकडे आणि कण पकडतात. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तिथेच जंतूची ओळख पटवून वाढू लागतात. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते, ते यामुळेच. पण जे पचत नाही, ते ग्रंथी बाहेर टाकत नाही, साठवते. टॅटूची शाई जवळच्या ग्रंथीत वर्षानुवर्षे राहते. कोळशाच्या धुळीने फुप्फुसाजवळच्या ग्रंथी काळ्या पडतात. युरिया, अल्कोहोल, औषधे यांचे रेणू लहान असतात. ते मुख्यतः थेट रक्तात जातात आणि यकृत व मूत्रपिंड त्यांचा निकाल लावतात. कोणत्याही पेयाने लसीकेतून 'विष' निघत नाही.

मसाजाला मात्र खरा उपयोग आहे, तो लसीकाशोथात, म्हणजे लसीकेची वाट अडून येणाऱ्या सुजेत (लिम्फिडीमा). कर्करोगासाठी काखेतल्या ग्रंथी काढल्या, किरणोपचार झाले, किंवा हत्तीरोगाच्या कृमींनी वाहिन्या निकामी केल्या, की प्रथिने ऊतीत अडकतात. सुरुवातीला बोटाने दाबल्यावर खळगा पडतो. पुढे तंतू आणि चरबी वाढून सूज घट्ट होते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नसेल, तर लसीकाशोथाची शक्यता बळकट होते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी यात फारसे साधत नाही, कारण पाणी जाते पण प्रथिने राहतात आणि पाणी पुन्हा ओढतात.

हा मसाज हलकाच हवा: कातडी फक्त ताणायची, चोळायची नाही. आधी मान आणि धड मोकळे करायचे, मग मांडी, आणि पाऊल शेवटी. पुढची वाट भरलेली असताना पायापासून सुरुवात केली तर द्रव जाणार कुठे? नंतर कमी ताणली जाणारी पट्टी बांधून व्यायाम करावा, म्हणजे स्नायूला आतून दाबायला बाहेर भिंत मिळते. पट्टीशिवाय नुसत्या मसाजाचा परिणाम टिकत नाही. पायाच्या धमन्यांत अडथळा असेल तर घट्ट पट्टी धोक्याची, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी. शिरेत नुकतीच गुठळी झाली असेल किंवा हृदयविकार आटोक्यात नसेल, तर मसाज करू नये.

सुजलेल्या अवयवाला बारीकसा ओरखडाही महागात पडतो. बोटांच्या बेचक्या रोज धुऊन कोरड्या कराव्यात, बुरशी लगेच बरी करावी. कातडी लाल, गरम होऊन ताप आला, तर मसाज थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण तेव्हा प्रतिजैविके लागतात आणि असा प्रत्येक संसर्ग उरलेल्या वाहिन्याही खराब करतो.