मुंबईत फॉर्च्युनरमागे ट्रॅव्हल ट्रेलर ओढायचाय, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच कोणता मागवू?

तुमचा प्रश्न असा: राहायला मुलुंडला, गाडी फॉर्च्युनर, सामान भरून ट्रेलर 1,200 किलोच्या आसपास जाईल, दिवाळीला अमेरिकेहून येणारा भाऊ हिच आणतो म्हणतोय, तर किती क्षमतेचा सांगू?

भावाला जरा थांबवा. हा हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडून मागचा भार वाटून देणारा सांधा, निवडताना ट्रेलरच्या एकूण वजनाआधी बघतात ते टंग वेट, म्हणजे गाडीच्या मागच्या जोड-गोळ्यावर (बॉल) पडणारं वजन. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के लागतं, म्हणजे तुमच्याकडे 120 ते 180 किलो. डिकीत मागच्या ॲक्सलच्याही मागे जे कोंबाल, तेही त्यात धरा.

समजा बॉलवर 150 किलो आले आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून 1.2 मीटर मागे आहे. फॉर्च्युनरचा व्हीलबेस 2.745 मीटर. म्हणजे पुढची चाकं साधारण 65 किलोंनी हलकी होतात आणि मागच्या चाकांवर 215 किलो चढतात. स्टेअरिंग तरंगल्यासारखं वाटतं, आणि हेडलाइट वर उठल्याने रात्री समोरून येणारा प्रत्येक जण तुम्हाला डिपर मारतो. हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे लवचिक पोलादी दांडे, ट्रेलरच्या ए-फ्रेमला (पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला) साखळीने ताणून बांधले की गाडीची शेपटी उचलली जाते. थोडा भार पुढच्या चाकांवर परततो, थोडा ट्रेलरच्या ॲक्सलवर जातो. बस, एवढंच त्याचं काम. गाडीची ओढायची मर्यादा त्याने एक किलोनेही वाढत नाही.

मी इथेच फसलो होतो. कसारा घाट उतरताना ट्रेलर शेपूट हलवायला लागला, बायकोने डॅशबोर्ड धरला, आणि घरी येऊन मी हौसेने जाडजूड बार मागवले. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. शेवटी कळलं, पाण्याची 120 लिटरची टाकी मी ट्रेलरच्या पार मागे बसवून घेतली होती. भरली की 120 किलो मागे, आणि बॉलवर जेमतेम 60. टाकी ॲक्सलच्या जरा पुढे घेतली आणि वळवळ गेली. बार तेव्हापासून माळ्यावर आहेत.

म्हणून आधी वजन करा. एकूण वजनासाठी कळंबोलीचा वजनकाटा ठीक, पण बॉलवरच्या वजनासाठी घरातला बाथरूमचा काटा बरा. तीन फुटांची भक्कम फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. विटेकडून एक फुटावर ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, टेकवा. नुसत्या फळीला काटा जे दाखवत होता ते वजा करून जो आकडा येईल, त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. ट्रेलर सपाटीवर, पाणी-गॅससकट भरलेला, चाकांखाली दगड लावलेले. सोसायटीचा वॉचमन बघत राहील, बघू दे.

आकडा 150 आला, तर 400 पौंडांचे बार पुरतात, ती क्षमता सुमारे 181 किलो होते. डिकीतलं सामान धरून त्यापुढे गेलात तर 600 पौंडांचे. ‘असू दे जास्तीचे’ म्हणून 1,000 चे घेऊ नका. कडक बार फ्रेमला धक्के देतात आणि हलक्या ट्रेलरला नीट वाकतच नाहीत.

आता खरी अडचण. गाडीच्या पुस्तकात हा हिच चालेल असं लिहिलंय का बघा. नसेल तर विषय तिथेच संपला. इथे बंपरखाली बसवून मिळणारे बरेच टो-हुक फक्त ओढण्यासाठी असतात, बारांचा पीळ सोसायला नाही. दोन इंची चौकोनी रिसीव्हर, म्हणजे हिच ज्यात घालतात ती गाडीखालची नळी, हवा, आणि त्यावर वेट डिस्ट्रिब्यूशनची वेगळी मर्यादा छापलेली हवी. ट्रेलरला ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला ढकलू लागला की आपोआप लागणारा) असेल तर कपलर मागेपुढे सरकावा लागतो, आणि काही हिच नेमकं तेच अडवतात. बॉलही तपासा: अमेरिकी दोन इंची म्हणजे 50.8 मिमी, युरोपियन 50 मिमी. फरक नखाएवढा, पण 50 चा कपलर त्यावर धड बसत नाही.

हे सगळं जुळलं तर ट्रनियन बारवाला, म्हणजे बार बाजूने बसतात तो, मागवा; खालून बसणारे गोल बार खाली लोंबतात आणि आपल्या स्पीडब्रेकरांवर घासतात. बसवताना पुढच्या मडगार्डची उंची तीनदा मोजा: ट्रेलरशिवाय, ट्रेलर जोडून, बार ताणून. माझं 84, 86 आणि 85 सेंटिमीटर आलं होतं. पुढचं टोक 84 च्या खाली गेलं असतं, तर साखळीची एक कडी सैल केली असती.

फळीवरचा आकडा आणि रिसीव्हरच्या स्टिकरचा फोटो इथे टाका, मग भावाला नेमकं काय सांगायचं ते बघू.