न पिणाऱ्या आई-वडिलांना लंडनमधल्या जुन्या पबमध्ये न्यावं का?

बिनधास्त न्या. आई-वडील दोघंही घेत नाहीत, त्यांना तिथे अवघडल्यासारखं होईल, ही तुमची काळजी मला कळते. पण दुपारी अशा पबमध्ये आजी-आजोबा, लेकुरवाळी माणसं निवांत जेवत बसलेली असतात. ऑरेंज ज्यूस मागितला तर कुणाला काही वाटत नाही.

माझ्या घरचं कुणी आलं की मी साऊथवर्कच्या 'द जॉर्ज' या जुन्या सराईतल्या पबला नेतोच. लंडन ब्रिज स्टेशनवरून बरो हाय स्ट्रीटला लागायचं आणि एका बोळातून आत शिरायचं. समोर मोकळा चौक आणि एकावर एक लाकडी सज्जे. आधीची सराई 1676 च्या आगीत जळाली, त्यानंतर ही बांधली. घोडागाड्या या चौकात येऊन थांबायच्या, प्रवासी वरच्या खोल्यांत मुक्काम करायचे. पुढे रेल्वे आली, घोडागाड्या बंद पडल्या आणि रेल्वे कंपनीने 1889 मध्ये बाकीची इमारत पाडली. उरली ती फक्त दक्षिणेकडची बाजू. सज्जे असलेली अशी सराई लंडनमध्ये आता ही एकच. 1937 मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेली, हे फार बरं झालं. शेजारची टॅबर्ड सराई, जिथून इंग्रजी कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू कँटरबरीला निघतात, ती 1873 मध्येच पाडली. त्याची मला खरंच हळहळ वाटते.

आत घोडागाडीची वाट बघत प्रवासी बसायचे ती खोली आहे. तिथलं मोठ्या तबकडीचं घड्याळ वडिलांना दाखवाच. याला पार्लमेंट क्लॉक म्हणतात. 1797 मध्ये पार्लमेंटने घड्याळांवर कर बसवला होता. वर्षभरात तो रद्द झाला, नाव मात्र चिकटलं.

टेबलाशी कुणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून थांबू नका. काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसेही तिथेच द्यायचे. तुम्ही स्वतः घेत असाल तर हातपंपाने काढलेली एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, अर्धा पाइंट घेऊन बघा. ती तळघराइतपतच गार असते, बर्फासारखी नाही.

फ्लीट स्ट्रीटचा 'चेशायर चीज' हा पबही सुरेख आहे, लंडनच्या 1666 च्या मोठ्या आगीनंतर बांधलेला. पण तिथे जिने अरुंद आणि उजेड कमी. आईचे गुडघे दुखत असतील तर तो टाळा.

गुरुवार-शुक्रवारची संध्याकाळ मात्र नको, ऑफिसवाल्यांची तोबा गर्दी असते. दुपारी तीनच्या सुमारास जा आणि ऊन असेल तर चौकातलंच टेबल धरा.