नांगर जड नको, दोर लांब हवा

अमावस्येला तारकर्लीसमोर सकाळी सातला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला, १५ मीटर दोर सोडला आणि दुपारी १८ फुटी होडी किनाऱ्याकडे ओढत गेली. आता पाचऐवजी दहा किलोचा नांगर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आधी दोर वाढवा.

नांगर वजनावर कमी आणि रुतण्यावर जास्त धरतो. दोराची ओढ आडवी असेल तर नांगराचे आकडे वाळूत खोल जातात, वरून असेल तर उपटून येतात. तुम्ही टाकलात तेव्हा ओहोटी नुकतीच संपली होती, पाणी कमी होतं. अमावस्येला आपल्याकडे दुपारी अकरा-बाराला भर पाणी, उधाणाची वाढ दोनेक मीटर. म्हणजे पाणी पाच मीटर, त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची अर्धा मीटर उंची. या साडेपाच मीटरला १५ मीटर दोर तिपटीलाही पुरत नाही. सातपट धरली तर साडेअडतीस मीटर लागतो. शिवाय सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, पडून समुद्रावरून खारा वारा सुटला, होडी फिरली, ओढ उलट दिशेने आली. तिथेच नांगर सुटला.

नांगर आणि दोर यांच्यामध्ये पाच-सहा मीटर साखळी हवीच. ती तळाशी पडून राहते, ओढ आडवी ठेवते. टाकताना होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवा, नांगर हाताने खाली सोडा, फेकू नका. होडी मागे सरकू द्या, दोर बांधा, मग इंजिन हळू रिव्हर्सला घ्या. तेव्हा दोरावर तळवा ठेवा. नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, खडखड हातापर्यंत येते. रुतला की दोर नुसता ताठ होतो. मग किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचं एखादं कौलारू घर एका रेषेत धरून ठेवा. रेष मोडली की होडी सरकतेय.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडक आहे. तिथे माझे दोन नांगर कायमचे अडकून राहिले. आता मी साखळी नांगराच्या बुडाला, आकडे जुळतात तिथे बांधतो आणि वरच्या कडीला फक्त बारीक सुतळीने अडकवतो. अडकलाच तर जोर लावून सुतळी तोडायची, नांगर उलटा निघून येतो. मात्र अशा बांधणीवर होडी सोडून जाऊ नका, रात्री तर नाहीच.

कर्लीच्या खाडीत भरती-ओहोटीमुळे सहा-सहा तासांनी पाण्याची ओढ फिरते. तिथे एक नांगर वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला, दोन्ही दोर नाळेलाच.

आणि मागच्या बाजूने कधीही नांगरू नका, कितीही थोडा वेळ असो. इंजिनाकडची कड बुटकी असते, वजनही तिथेच. दोन लाटा आत आल्या की होडी भरते.