बाटली, बाळ आणि अंघोळीची वाटणी

"मॅडम, रजा संपत आली आणि हा बाटली तोंडातच घेत नाही." हे वाक्य मी समुपदेशक म्हणून आजवर कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दर वेळी त्यामागे तोच जीव टांगणीला लागलेला असतो. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. त्यामुळे आई कामावर परत जाते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं झालेलं असतं. अंगावर पिण्यात पटाईत, वरचं खाणं अजून सुरू नाही, आणि काय हवं-नको ते ठणकावून सांगणारं. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावं, असंही कायदा म्हणतो. पण सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये एवढंसं बाळ घेऊन चढायचं कुणी आणि कसं? मुंबईतल्या बहुतेक घरांत मग एकच वाट उरते. दूध काढून ठेवायचं आणि मागे कुणीतरी ते पाजायचं.

निपल कुठलं, दूध किती कोमट, बाळाला धरायचं कसं, हे सगळं महत्त्वाचं आहे आणि मी ते पुढे सांगणारच आहे. पण मी एकट्या बाळाकडे पाहून उत्तर शोधत नाही. बाळ हे घरातल्या माणसांच्या मधोमध असतं. ते अडून बसलं की मी आधी आजूबाजूच्या मोठ्या माणसांचं कुठे अडलंय ते पाहते.

प्राजक्ताची गोष्ट त्यासाठीच सांगते. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दोन खोल्यांचं घर, नवऱ्याची शिफ्टची नोकरी, मदतीला सासूबाई. प्राजक्ताचं ऑफिस मरोळला. म्हणजे विक्रोळीहून घाटकोपर, तिथून मेट्रो, जाऊन-येऊन आणि काम धरून दहा तास घराबाहेर. ओजस साडेचार महिन्यांचा. पहिल्या भेटीला नवरा-बायको दोघंच आले आणि पिशवीतून तीन वेगवेगळ्या बाटल्या काढून त्यांनी माझ्या टेबलावर मांडल्या.

"काय काय करून पाहिलंत?"

"सगळं," प्राजक्ता म्हणाली. "आई माझा गाउन घालून बसतात. माझ्याच खुर्चीत. दिवा मालवतात, म्हणजे त्याला कळायला नको. तरी निपल ओठाला लागलं की किंचाळतो."

"तू तेव्हा कुठे असतेस?"

"आतल्या खोलीत. दाराशी."

"गप्प?"

नवरा हसला. ती आतून सूचना देत असे. आई, डोकं जरा वर धरा. आई, थांबा, त्याला श्वास घेऊ द्या. शेजारच्या मावशींचा सल्ला होता, "उपाशी ठेव, भूक लागली की झक मारत पिईल."

या सल्ल्याबद्दल मी तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि इथेही ठामपणे सांगते. भुकेने कासावीस झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही, उलट बाटली दिसली की रडायला शिकतं. नवीन गोष्ट द्यायची ती बाळ नुकतं झोपून उठलेलं, खुशीत आणि थोडंसंच भुकेलं असताना. दहा मिनिटं प्रयत्न करायचा, रडू आलं तर बाटली बाजूला ठेवायची, बाळाला शांत करायचं आणि आईने अंगावर घ्यायचं. पुन्हा उद्या.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. काकू आल्या त्या जरा फुरंगटूनच. "मला कशाला बोलावलंत? मी तीन पोरं वाढवली, एकाला बाटली नाही लावली. आणि ते पिळून ठेवलेलं दूध म्हणजे शिळंच की. बाधायचं पोराला."

मी त्यांना विचारलं, सायनचं हॉस्पिटल माहीत आहे ना? तिथे १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. आयांनी दिलेलं दूध तिथे तपासून, निर्जंतुक करून साठवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त बाळांना पाजतात. इतक्या नाजूक जिवांना जे चालतं, ते नीट ठेवलेलं दूध धडधाकट ओजसला का बाधेल? काकूंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाई बोंडल्याने पाजायच्या. तेही नाही चालत का?"

चालतं, आणि चांगलं चालतं. आपले बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) पसंत करतात, कारण बाटलीच्या कानाकोपऱ्यात दूध राहतं आणि त्यातून जुलाब लागतात. पण एकट्या आजीला चार-पाच वेळा चमच्याने पाजणं झेपणार नव्हतं, संधिवाताने बोटं आखडलेली. म्हणून बाटलीच ठरली, प्रत्येक वापरानंतर घासून, रोज उकळून. वाटी-चमचा हाताशी ठेवायचा, तोही ठरला.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि तरी ओजस बाटली घेत नव्हता. खरी वाट सापडली ती नंतरच्या एका भेटीत, दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असताना. मी सहज विचारावं तसं विचारलं, "ओजसचं दिवसभरात कोण काय करतं, सांग बघू."

"मालिश आई करतात. अंघोळ आईच. टोपडं-बिपडं, पाळण्यात घालणं, गाणं म्हणणं, आई. रात्री लंगोट हे बदलतात."

"आणि तू?"

"मी पाजते."

ती थांबली. मीही थांबले. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मला या कामाने शिकवलंय. बऱ्याच वेळाने ती खाली बघत म्हणाली, "त्यांना सगळं येतं, मॅडम. मला अजून त्याला पायांवर घेऊन अंघोळ घालता येत नाही. दूध तेवढं माझं आहे. आता तेसुद्धा त्याच देणार."

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अगं, तुझं पोट शिवलेलं, कंबर दुखते म्हणायचीस. म्हणून मी करत गेले."

"ते पहिल्या महिन्यात, आई."

पुन्हा शांतता. मग काकूच म्हणाल्या, "उद्यापासून अंघोळ तू घाल. मी पाणी काढून देईन, पाट मांडून देईन. हात लावणार नाही."

"निसटला तर?"

"मी शेजारीच बसेन ना. आणि निसटतात गं पोरं. तुझा नवराही निसटला होता माझ्या हातून."

प्राजक्ता रडली आणि हसलीही. त्या भेटीचं मला आजही समाधान वाटतं. आईकडून दूध मागण्याआधी तिच्या हातात दुसरं काय उरतंय ते पाहिलं पाहिजे, हे मला त्या दुपारी लख्ख दिसलं. दाराशी उभं राहून सूचना देणारी प्राजक्ता काकूंवर अविश्वास दाखवत नव्हती, ती आपली शेवटची जागा धरून उभी होती. आणि काकूंनाही बाटली देताना आपण काही हिसकावून घेतोय असं आत कुठेतरी वाटत असणार. अशा हातांना कुठलं बाळ सैलावेल? साडेचार महिन्यांच्या बाळाला शब्द कळत नाहीत, पण धरणाऱ्याच्या दंडातला ताण नक्की कळतो.

अंघोळ प्राजक्ताकडे आली. आठवड्याभराने काकू मला म्हणाल्या, "आता मी बाटली देते तेव्हा हिला खाली पाठवते भाजी आणायला." मी हे सुचवणार होते, त्याआधी त्यांनीच केलं.

दुसरा बदल मात्र मी सांगितला. गाउन काढा, दिवा लावा, ती खुर्ची सोडा. काही बाळं आईच्या पदराच्या वासाने शांत होतात, तसं होत असेल तर जरूर वापरा. पण ओजसला तो वास आला की आई हवी असायची आणि मिळायचं रबर. फसवणूक झाल्यावर मोठं माणूसही चिडतंच. शिवाय तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास चोखणं ही आपोआप होणारी क्रिया राहत नाही, बाळ ठरवून चोखू लागतं. म्हणून महिन्या-दीड महिन्याच्या बाळाला जे सहज जमतं तेच चार महिन्यांच्या बाळाला जड जातं. (कामावर जायचं नक्की असेल तर अंगावर पिणं नीट बसल्यावर, चार ते सहा आठवड्यांच्या दरम्यान, अधूनमधून एखाद्या वेळी ओळख करून द्यावी आणि ती मोडू देऊ नये.) मोठ्या बाळाशी खरेपणानेच वागावं. ही आजी आहे, ही बाटली आहे, हे वेगळं आहे.

काकू खिडकीशी बसू लागल्या. ओजस त्यांच्या मांडीवर जवळजवळ बसता, पाठ त्यांच्या छातीला, तोंड बाहेर. पहिले काही दिवस निपल नुसतं त्याच्या हातात, मग हिरड्यांत चावायला. मग दुधाचे थेंब लावून ओठांवर. तो तोंड उघडेल तेव्हाच आत, आपण कोंबायचं नाही. बाटली आडवी धरायची, उभी नाही. छातीला पिताना बाळ ओढेल तसं दूध येतं, उभ्या बाटलीतून ते आपोआप गळत राहतं आणि बाळाला ठसका लागतो. निपल सर्वांत कमी धारेचं. चार-सहा घोटांनंतर बाटली खाली करून दम घेऊ द्यायचा. तोंड फिरवलं की थांबायचं, उरलं तरी.

उरण्यावरून आठवलं. काकू २४० मिलीची बाटली भरून घ्यायच्या आणि "काहीच प्यायला नाही" म्हणून खंतावायच्या. एक ते सहा महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिली दूध पितं, म्हणजे दहा तासांना तीनशेच्या आसपास. एका वेळी ६० ते ९० मिली भरलं की पुरे. दूध काढल्या काढल्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही. तिथे ते चार दिवसांपर्यंत टिकतं. बाहेर ठेवलेलं दूध चार तास टिकतं, हा हिशोब २५ अंशांना धरलेला आहे आणि आपल्याकडे मेमध्ये खोली तेवढी थंड नसते. गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून कोमट करा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. उष्टं दूध दोन तासांच्या आत संपवा, नाहीतर टाकून द्या. टाकताना जिवावर येतं, मला माहीत आहे. आईचं दूध कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून पावडरचं दूध द्या. सहा महिन्यांच्या आत गाईचं-म्हशीचं दूध, पाणी यातलं काहीही नाही, आणि मध तर वर्षाच्या आत नाहीच.

एके दिवशी प्राजक्ता भाजी घेऊन वर आली तेव्हा काकूंच्या हातात रिकामी बाटली होती. जेमतेम ५० मिली. तिने मला फोन केला आणि म्हणाली, "मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. मी त्याची ढेकर काढली आणि झोपवला." मी म्हटलं, वाईट वाटलं असतं तरी चाललं असतं.

ती कामावर रुजू झाल्यावर ओजस दिवसा थोडंच प्यायचा आणि रात्रभर तिला सोडायचा नाही. तिला वाटलं सगळं फसलं. फसलं नव्हतं. पुष्कळ बाळं दिवसाची भूक आई आल्यावर भरून काढतात. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, वजन वाढत असेल, बाळ खेळकर असेल तर काळजी नको. लंगोट कोरडे राहू लागले, बाळ मरगळलं, वजन अडलं तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा, आमच्यासारख्यांकडे नको. प्राजक्ताने ऑफिसात दोनदा दूध काढलं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन सुट्या मिळायचा हक्क आहे, तिने तो याच कामी मागून घेतला. सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज, वरणभात सुरू झाला आणि बाटलीचं महत्त्व हळूहळू उतरत गेलं. सुट्टीच्या दिवशी ओजसला बाटली द्यायची नाही आणि अंघोळ आईनेच घालायची, हा त्या घराचा नियम अजून चालू आहे.

ज्यांच्या रजेचे आठ-दहा दिवसच उरलेत, त्यांनी बाटलीचा हट्ट सोडून आजपासून वाटी-चमचा किंवा बोंडलं धरावं. बाळ टेकून बसतं करायचं, वाटीची कड खालच्या ओठाला लावायची, दूध ओतायचं नाही, त्याला जिभेने घेऊ द्यायचं. निम्मं सांडेल, म्हणून गळ्याखाली जाड फडकं बांधा. आणि पाजणार ज्या कुणी असतील, सासू, आई, पाळणाघरातल्या ताई, त्यांच्याकडे बाळाला रोज तासभर आत्तापासूनच सोपवा, दूध न देता, नुसतं खेळायला.