फुकट आहे तरी बायका दवाखान्यात का जात नाहीत?

प्रश्न : ताई, गरीब देशांत बाळंतपणात बायका दगावतात असं सारखं वाचनात येतं. आता कितीतरी देशांनी सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी फुकट केलीय, काही ठिकाणी तर वर पैसे पण देतात, तरी बायका घरीच सुईणीकडून बाळंत होतात. हा अडाणीपणाच ना? सरळ सक्ती का करत नाहीत?

उत्तर : अडाणी म्हणून मोकळं होणं सोपंय हो, पण जरा तिच्या जागी उभं राहून बघा. रात्री दोनला कळा सुरू झाल्या, गाडी नाही, घरात दोन लहान पोरं, आणि शेजारीण मागच्या वर्षी जाऊन आली ती सांगते की नर्स अंगावर खेकसली, आईला आत सोडलं नाही, उताणं झोपवून ठेवलं, आणि फुकट म्हणता म्हणता ग्लोव्ह्ज, औषधं, गाडीभाडं सगळं खिशातूनच गेलं. इकडे सुईण घरी येते, पाठ चोळते, उकिडवं बसायचं तर बसू देते, पैसे नंतर दिले तरी चालतात. मला तर यात हिशोबीपणाच दिसतो.

सक्तीचं म्हणाल तर आफ्रिकेतल्या मलावी देशाने 2007 मध्ये सुईणींवर बंदी घालून पाहिली, काही वर्षांतच मागे घेतली. बंदीने बाळंतपणं थांबत नसतात, लपून होतात एवढंच, आणि मग काही बिघडलं तर सुईण घाबरून वेळेत पाठवत पण नाही.

त्यापेक्षा वाट सोपी केली की बायका येतात. नेपाळने 2005 पासून गाडीभाड्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. इथिओपियात दवाखान्याजवळ राहायची सोय करतात, लांबच्या गावातली बाई दिवस भरत आले की तिथेच येऊन थांबते. भारतात 2005 ला दवाखान्यात बाळंत झालं की पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली, तेव्हा साधारण 39 टक्के बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, दहा वर्षांनी 79 टक्के.

पण दारापर्यंत आणलं म्हणजे झालं असं नाही, आणि खरं दुखणं इथेच आहे. उत्तर प्रदेशात एक मोठा प्रयोग झाला, नर्सना चेकलिस्ट दिली, शिकवायला माणसं दिली, कामाची पद्धत सुधारली पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. आता रक्तस्रावाचंच घ्या, बाळंतपणात बायका सगळ्यात जास्त त्यानेच जातात. रक्त कपड्यात मुरतं, फरशीवर सांडतं, आणि 'ठीक आहे, एवढं जातंच' असं नुसत्या नजरेने ठरवतात. यावर उपाय काय, तर बाईच्या अंगाखाली प्लॅस्टिकची एक शीट घालायची जिच्या पिशवीवर मापाच्या रेघा असतात. रेघेवर गेलं की थांबायचं नाही, गर्भाशय चोळणं, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी सगळं एकदमच सुरू. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांत हे करून पाहिलं, 2023 मध्ये निकाल आला, गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं आणि मृत्यू हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी. एका शीटने! म्हणजे एकट्या शीटने नाही, ती बघून लगेच हात चालवणाऱ्या माणसांमुळे.

तेव्हा सक्ती करायचीच तर बाईवर नको, दवाखान्यावर करा की. आणि सुईणीला हाकलू नका, तिला सोबतीण म्हणून लेबर रूममध्ये येऊ द्या, अर्ध्या बायका तर तिच्या शब्दावरच येतील.