घरोघरी जाऊन कार डिटेलिंग करतो, बिझनेस इन्शुरन्स कोणता घ्यावा आणि खर्च किती येतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात मारुतीची ईको व्हॅन घेतलीये, दोन पोरं ठेवणार, सोसायट्यांमध्ये जाऊन डिटेलिंग (गाडीची खोल सफाई, पॉलिश, कोटिंग) करणार, आणि ओळखीचा एजंट म्हणतोय ‘एक छोटी लायबिलिटी पॉलिसी टाकून देतो, सगळं कव्हर होतं’, तर ती, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारी पॉलिसी, घेऊ का. त्या वाक्यावर विसंबून अजिबात घेऊ नका. अगदी हेच वाक्य मला माझ्या दाजींनी सांगितलं होतं, आणि त्यापायी मी खिशातून एक्केचाळीस हजार भरलेत.

मी चिंचवडचा. आधी एका स्टुडिओत तीन वर्षं पॉलिशर चालवला, लॉकडाऊन उठल्यावर स्वतःची व्हॅन काढली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर, नोकरी सांभाळून इन्शुरन्सचं काम करतात. २०२१ च्या दिवाळीआधी ताईकडे गेलो होतो तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला, फॉर्म पुढे ठेवला आणि तिथेच हॉलमध्ये बसून भरलाही. व्यवसायाचं स्वरूप या रकान्यात त्यांनी लिहिलं ‘कार वॉशिंग’, आणि कामाच्या जागेचा पत्ता म्हणून माझ्या घराचा पत्ता. मी म्हटलं दाजी, डिटेलिंग लिहा ना, आणि काम गिऱ्हाइकाच्या दारात होतं तेही लिहा. तर म्हणाले, अरे बादली आणि फडकं, त्याला कशाला इंग्रजी नाव, गाडी धुणं ते धुणंच. ताईच्या सासूबाई बसल्या होत्या, भाचे बसले होते, सगळे हसले. मी काही बोललो नाही, दाखवलं तिथे तीन ठिकाणी सह्या केल्या.

मे २०२२. वाकडच्या एका सोसायटीत बेसमेंटमध्ये काम, काळी क्रेटा, आठ महिन्यांची. मालक रिटायर झालेले काका, रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेली पहिली नवी गाडी. सोसायटीतला गाड्या पुसणारा रोज कोरडं फडकं मारायचा, त्यामुळे काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे. ते पॉलिशने काढून वर सिरॅमिक कोटिंग (रंगाला जपणारा थर) करायचं होतं. कामावरच्या पोराला डीए मशीन (डोलत फिरणारं, रंगाला सौम्य पॉलिशर) लावून दिलं आणि मी टाकी भरायला वर गेलो, टँकर उशिरा आला म्हणून वीस-पंचवीस मिनिटं लागली. खाली आलो तर पोराने लवकर व्हावं म्हणून रोटरी (जागच्या जागी जोरात फिरणारा, कडक पॉलिशर) काढलेली, त्यावर लोकरीचं पॅड, आणि त्या पांढऱ्या पॅडवर काळा रंग.

तुम्ही या कामातले आहात म्हणजे तुम्हाला कळलंच असेल. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, शाबूत असेल तर पॅडवर कंपाउंडचा पांढरट मळ येतो, गाडीचा रंग येत नाही. रंग आला म्हणजे क्लिअर कोट गेला. बॉनेटच्या दोन्ही कडा, ड्रायव्हरकडच्या फेंडरची कड आणि दरवाजाची बॉडी लाइन, तिन्ही ठिकाणी बोटभर रुंदीचे मॅट पट्टे पडलेले, ओलं फडकं फिरवलं की दिसायचे नाहीत आणि वाळलं की परत दिसायचे. रंगाची जाडी मोजणारा गेज लावला तर बॉनेटच्या मध्यावर ११८ मायक्रॉन आणि कडेला ७० च्या खाली.

मी काकांना स्वतः फोन करून खाली बोलावलं. वाळेपर्यंत थांबलो आणि मग दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, तू स्वतःहून दाखवलंस म्हणून ओरडत नाहीये बाळा, पण माझी गाडी मला होती तशी पाहिजे. तिन्ही पॅनल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये रंगवायचे, शेजारच्या भागात ब्लेंड करायचं, धरून साडेचौतीस हजार. वर कोटिंगचं मटेरियल पुन्हा घ्यावं लागलं. वर्कशॉपमधला एकजण काकांना म्हणाला तुमच्याच इन्शुरन्सवर टाका, भिंतीला घासली सांगू. काका म्हणाले मी खोटं लिहून देणार नाही. आणि अशा वेळी तुमच्या गिऱ्हाइकाने त्याच्या पॉलिसीतून खरा क्लेम जरी घेतला ना, तरी त्याचा नो क्लेम बोनस जातो, आणि त्याची कंपनी दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. म्हणजे त्याचा इन्शुरन्स आहे, आपल्याला काय, असं अजिबात नाही.

मी दाजींच्या पॉलिसीवर क्लेम टाकला. नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले, माणूस सभ्य होता, फोटो काढले आणि एकच नेमका प्रश्न विचारला, काम चालू असताना गाडी कोणाच्या ताब्यात होती? मी म्हटलं आमच्याच, चावीही माझ्याकडे होती. त्यांनी लिहून घेतलं. काही दिवसांनी पत्र आलं, क्लेम नामंजूर, कारणं दोन. एक म्हणजे ‘केअर, कस्टडी ऑर कंट्रोल’, म्हणजे दुसऱ्याची जी वस्तू तुमच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे तिचं नुकसान लायबिलिटी पॉलिसीत धरत नाहीत, आणि ज्या भागावर प्रत्यक्ष काम चालू आहे तो तर त्याहून नाही. दुसरं म्हणजे प्रपोजलमध्ये, म्हणजे दाजींनी भरलेल्या अर्जात, धंदा कार वॉशिंग आणि जागा चिंचवड, घटना वाकडला मशीन पॉलिशिंग करताना.

नीट बघा, आपल्या धंद्यात दुसऱ्याची जी वस्तू खराब होऊ शकते ती शंभरातून नव्वद वेळा आपल्या ताब्यातली गाडीच असते. आपल्या पाइपला अडकून कोणी पडलं, प्रेशर वॉशरने शेजारच्या गाडीचा आरसा फुटला, ते साध्या लायबिलिटीत येतं. हातातली गाडी येत नाही. आणि एजंट ज्याला ‘सगळं’ म्हणतो त्यात नेमकं तेच नसतं.

मी कंपनीला दोष देत नाही, हे मला स्पष्ट लिहायचंय, कारण दाजी आजही प्रत्येक लग्नाकार्यात सांगतात की इन्शुरन्सवाले ऐनवेळी फसवतात, याचं बघा ना. कंपनीने फसवलं नाही. पॉलिसीत ते छापलेलं होतं. फॉर्म चुकीचा भरला होता, आणि तो चुकला कारण भरणाऱ्याच्या मनात हे काम म्हणजे बादली आणि फडकं. मी त्यांना पत्र दाखवलं तर म्हणाले सही तूच केलीस ना. केली, ती माझी चूकच. पण काम काय आहे ते मी तोंडाने सांगितलं होतं, आणि ते कागदावर उतरवणं हेच तर एजंटचं काम. दाजी ओम्बड्समनकडे (इन्शुरन्सच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा म्हणाले. पुण्यात ऑफिस आहे, फी लागत नाही, प्रोप्रायटरच्या पॉलिसीची तक्रारही घेतात, कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं, हे सगळं खरं. पण प्रपोजलच चुकीचं असताना मी तिथे काय सांगणार होतो?

आता तुमचं. लायबिलिटी घेताना एजंटला नाही, कंपनीला ईमेलवर विचारा, ज्या गाडीवर मी काम करतोय तिचं नुकसान कव्हर आहे का, किती रकमेपर्यंत, आणि माझ्या पत्त्याबाहेर गिऱ्हाइकाच्या जागेवर आहे का. हो असेल तर ते एंडोर्समेंट, म्हणजे लेखी पुरवणी, म्हणून पॉलिसीला जोडलेलं पाहिजे, फोनवरचं हो चालत नाही. बऱ्याच कंपन्या छोट्या माणसाला हे देत नाहीत, मग ब्रोकर गाठा. एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर कायद्याने आपल्या बाजूचा. कोणी ‘मोटर ट्रेड इंटर्नल रिस्क’ सुचवलं तर ती गॅरेजच्या चार भिंतींच्या आतल्या गाड्यांसाठी असते, फिरत्या कामाला उपयोग नाही.

ईको प्रायव्हेट नंबरची असेल तर आधी ते निस्तरा. प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याचा वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते, फक्त सॅम्पल आणि स्वतःचं सामान चालतं. तीनशे लिटरची टाकी, जनरेटर, मशिनं भरून रोज धंद्याला फिरवताना ठोकली तर तुमच्याच गाडीच्या क्लेमवर भांडण लागेल. टाकी-इन्व्हर्टर गाडीत पक्के बसवले असतील तर तेही कळवा. सुटी मशिनं गाडीच्या पॉलिसीत येत नाहीत, त्यांचं वेगळं घ्यावं लागतं, आणि ते फक्त जागेवरच्या घरफोडीचं नको, व्हॅनमधून चोरी गेली तरी चालेल असं हवं.

पोरांची डब्ल्यूसी पॉलिसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कामावर इजा झाली तर कामगाराला भरपाई) पहिल्या दिवसापासून घ्या, यात चालढकल करणाऱ्याबद्दल मला आदर नाही. ओल्या बेसमेंटमध्ये एक्स्टेंशन बोर्ड ओढून प्रेशर वॉशर चालवणारा पोरगा आपल्या भरवशावर उभा असतो. मोठ्या सोसायट्या गेट पाससाठी ती मागतातच.

काही जण सांगतील की ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असा कागद सही करून घ्या म्हणजे झालं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १५१ आहे, ताब्यात दिलेल्या वस्तूची शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यावीच लागते. तो कागद ग्राहक आयोगात तुम्हाला वाचवेल या भ्रमात राहू नका. त्यापेक्षा काम सुरू करायच्या आधी प्रत्येक पॅनलचं गेज रीडिंग आणि फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप करा. मी २०२२ पासून एकही गाडी त्याशिवाय हातात घेतलेली नाही.

खर्चाचं विचारलंत. मी लायबिलिटीला दहा लाखांच्या मर्यादेवर एंडोर्समेंटसकट साडेनऊ हजार भरतो, दोन पोरांच्या डब्ल्यूसीला चारेक हजार, वर १८ टक्के जीएसटी. तुमचा आकडा तुमच्या पगारपत्रकावर आणि उलाढालीवर वेगळा येईल.

आणि एक सांगायचं राहिलं, ते आधीच सांगायला हवं होतं. एंडोर्समेंट असली तरी काम खराब झालं म्हणून परत करून देण्याचा खर्च बहुतेक वेळा मिळत नाही, त्या कामामुळे झालेलं नुकसान तेवढं मिळतं, आणि या दोन्हींमधली रेघ सर्व्हेअर ओढतो. म्हणजे माझा फॉर्म बरोबर असता तरी काकांच्या गाडीचे पूर्ण पैसे आले असतेच असं मी छातीठोक सांगणार नाही. दाजी हेच धरून बसतात. पण तेव्हा निदान भांडायला जागा असती.

काकांची गाडी दर दिवाळीला मीच करतो. आणि प्रपोजलमध्ये धंद्याचा रकाना आता मी स्वतः भरतो: ‘ग्राहकाच्या घरी, सोसायटीत किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये जाऊन मोटारींची धुलाई, आतील स्वच्छता, डीए व रोटरी मशीनने पॉलिशिंग आणि सिरॅमिक कोटिंग, कामाच्या वेळी गाडी व चावी आमच्या ताब्यात असते, कामाचे क्षेत्र संपूर्ण पुणे जिल्हा.’ जसंच्या तसं उतरवून घ्या. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) करत असाल तर तेही घाला, आणि सही करायच्या आधी भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा.